रोमन वडिलांची संमती

कोलोनला ट्रामच्या थांब्यावर मागून मराठी ऐकू आलं. पुण्याहून आलेले वडील, आणि इथे रोमन कायद्यावर पीएचडी करणारी मुलगी.

"ईप्सिता, बस ना जरा. किती येरझारा घालशील?"

"ट्राम लेट आहे, बाबा."

"मग प्रबंधाचं सांग. सध्या काय लिहितेस?"

"लग्नाचा कायदा. रोममध्ये वडील हयात असले, की त्यांच्या संमतीशिवाय मुलीचं लग्न कायदेशीर ठरत नसे."

"शहाणे होते लोक."

"पण वडिलांना कळलं, आणि त्यांनी विरोध केला नाही, तर तीच संमती धरायचे."

"म्हणजे नुसतं गप्प बसले तरी?"

"गेनाऊ, अगदी तसंच. बाबा, आपण नदीवर नाही चाललोय."

"मग?"

"स्टांडेसआम्टला. तिथे लग्नं लावतात. मला आणि योनासला तारीख घ्यायचीय. तो तिथे थांबलाय."

"तुझ्या आईला माहितीये?"

"हो."

"..."

"बाबा, काहीतरी बोला ना. रागवा तरी."

"..."

"बाबा, प्लीज."

"मला बोलायला लावू नकोस, ईप्सिता. ट्राम आलीय, चढ."