बटाट्याचं पाणी

कांदिवलीच्या डायलिसिस सेंटरमध्ये रेवती नंबराची वाट बघत होती. शेजारच्या काकू नवऱ्याच्या नाकासमोर रिपोर्ट नाचवत होत्या.

“पोटॅशियम परत वाढलं! खरं सांगा, स्टेशनवर वडा हाणलात ना?”

“नाही गं. तू वाढतेस तेवढंच खातो.”

“म्हणजे माझाच बटाटा वाईट? डॉक्टर म्हणाले पोटॅशियम पाण्यात उतरतं, म्हणून चिरून, भिजवून, ढीगभर पाण्यात उकळते मी!”

“अगं, हळू बोल.”

“का हळू? तुमच्यासाठी मीही ती बेचव भाजी गिळते, आणि तुम्ही चोरून खाता!”

“आईशपथ नाही. भाजी नाहीच जात, म्हणून आमटीच दोन वाट्या पितो. हल्ली झकास होते.”

“होणारच! बटाट्याचं पाणी घालते त्यात. अन्नाचं सत्त्व मोरीत ओतायची पद्धत नाही आमच्याकडे!”