सिस्टरचा प्रश्न

परवा आमच्या दिवाळे गावातल्या घरी काय झालं, ऐका. शेजारच्या सिस्टर म्हणजे रिटायर्ड नर्स, मूळच्या केरळच्या. नोकरीभर त्यांनी घरोघरी जाऊन बायकांना सांगितलं, दोन मुलं पुरे. सुट्टीत गावी गेल्या की तिथंही तेच सांगायच्या.

परवा टीव्हीवर चर्चा लागली होती, की खासदारांच्या जागा आताच्या लोकसंख्येप्रमाणे ठरल्या तर केरळचा वाटा घटेल. सिस्टर तडक आमच्याकडे आल्या. बसायलाही तयार नाहीत, नुसत्या येरझारा.

"कुटुंब लहान ठेवा, असं सरकारनेच सांगितलं. आता माणसं कमी म्हणून आमचा आवाज कमी? मी लोकांना चुकीचं सांगितलं का रे?"

मी म्हटलं, "अजून कुठे काय ठरलंय?" त्यांनी ऐकलंच नाही.

आई मासळी साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "दुसऱ्या बालंतपनात मी मरता मरता वाचले. तिसरं नको म्हनून तूच माझ्या सासूशी भांडलीस. नायतर सरकारच्या मोजनीला मी तरी असते काय?"

सिस्टर अखेर खुर्चीत टेकल्या, पण पाय हलतच होता.

"खरंय तुझं. पण हे दिल्लीत संसदेत उठून सांगायला आमचं माणूस नको का?"