जावयाचं बटण

...नाही पण मी काय म्हणतो, बटण दिसलंच नाही तर माणसाने दाबायचं काय? कपाळ? तुम्हाला सांगतो, मी गुणाजी, मांडवीचा होडीवाला, हयात दर्यावर गेली, आणि आमचा जावई रूपेश पुण्यात बसून मोबाईलची स्क्रीन सजवतो. त्याने होडीवाल्यांसाठी ॲप केलं, संकटात बटण दाबा, मदत येईल! बटण कसं? फिकट निळं, तेसुद्धा निळ्यावरच! का? "मामा, समुद्राचा फील येतो." अरे, बुडताना कसला फील? पण जावई पडला, बोलायची सोय नाही! हळूच म्हटलं, सापडत नाही हो. तर म्हणतो, "सवय नाही ना मामा तुम्हाला." म्हणजे चूक माझी!

म्हटलं, चला जावईबापू, होडीवरच दाखवा. गेलो. नेमकं पंख्यात जाळं गुंतलं, इंजिन गप्प, होडी निघाली खडकांकडे... घाबरलो, खोटं कशाला बोलू! हा म्हणतो, "थांबा मामा, ॲप आहे ना!" एका हाताने कठडा धरलाय, ओकाऱ्या चालल्यात, बोटं ओली, स्क्रीन दाद देईना, उन्हात तीत दिसतंय काय, तर ह्याचंच तोंड! शेवटी बटण सापडलं, दाबलं, तर विचारतंय, 'नक्की का?' खाली 'हो' आणि 'नको' एकमेकांना चिकटलेले, लाट आली, अंगठा घसरला... 'नको'! वर पाच तारे द्या म्हणे! मनात म्हटलं, दिसतायत, भरदुपारी दिसतायत! पण जावई, बोलायची सोय नाही! गपचूप त्याचा पिवळा शर्ट उतरवला नि हवेत नाचवला. आमच्या मांडवीच्याच बाबल्याने त्याच्या होडीवरून बघितला, दोर टाकून ओढून आणलं, वाचलो.

घरी आमची लेक नेत्रा, रूपेशची बायको, कडाडली, "बाबांना शर्ट दाखवता आला, तुला बटण दाखवता येत नाही?" तिला सोय आहे हो!

पोरगा जेवला नाही. पण बसला कामाला. बटण केलं पुरीएवढं, लाल भडक, 'नको' पार दुसऱ्या टोकाला, आणि बादलीत हात बुडवायला लावून माझ्याकडून दाबून घेतलं, ओल्या बोटाने पहिल्या झटक्यात लागेपर्यंत! परवा दाभोळकडे बाबल्याचंच इंजिन बंद पडलं, त्याने तेच दाबलं, मदत आली, सगळे सुखरूप! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मिठी मारली जावयाला!

तिथंच चुकलं. हुरूप आला ना त्याला! आता आमच्या घरच्या मिक्सरला ॲप बसवलंय. वाटण वाटायचं तर ओटीपी माझ्या मोबाईलवर, आणि मी दर्यात! बिनवाटणाचं कालवण गिळतोय रोज... बायको म्हणते, "काढायला सांगा ना ते!" मी सांगू? जावयाला?