केंद्राचा नंबर

हॅलो? … हो, बोला. … नाही हो, हे साहाय्य केंद्र नव्हे. हे माझं स्वयंपाकघर आहे, वाटाणे सोलत बसलेय.

… अहो, ठेवू नका, ठेवू नका! नंबर बरोबर आहे. पत्रकावर हाच छापलाय. वर 'दिव्यांग आणि कर्णबधिर साहाय्य केंद्र', खाली माझा नंबर. … चुकून? चुकून कसला! केंद्राच्या दारात पायऱ्या आहेत ना, त्यांची तक्रार करायला मी इतके फोन केले, की तिथल्या कारकुनाला हा एकच नंबर तोंडपाठ झाला. पत्रक छापताना दिला तोच ठोकून. … हो, मी चाकांच्या खुर्चीत असते. मला केंद्रात जाता येईना, मग केंद्रच आलं माझ्या घरी!

बरं, तुमचं काय ते सांगा. … वडील. … ऐकू येणं गेलं? दोन्ही कानांनी? … आणि तेव्हापासून कुणाशी बोलत नाहीत. … भिंतीकडे तोंड करून बसतात. … जेवायलाही ताट खोलीतच? … अरे देवा.

… थांबा हं, दूध वर आलं! … नाही, हाक मारून उपयोग नाही, आमच्या वहिनीला ऐकू येत नाही. दिव्याचं बटण दाबते… हां, वळली. बघितलं तिनं. उतरवलं. … बोला.

… एक विचारू? तुमचा आवाज फार ओळखीचा वाटतोय. … नसेल, तरी एक वाक्य म्हणून दाखवा ना, पायऱ्यांच्या तक्रारीवर मला दरवेळी ऐकवायचे ते. 'आपला प्रस्ताव विचाराधीन आहे.' … म्हणा तर! … अगं बाई! साहेब, तुम्ही?

अहो, पण केंद्र तुमचंच, पत्रकही तुमचंच… … हं. सही केलीत, वाचलं नाहीत. … मग ऑफिसातच विचारायचं ना कुणाला तरी. … काय? जरा मोठ्यानं. … ऑफिसात कुणाला कळू नये म्हणून? … साहेब, कर्णबधिरांच्या केंद्राचे तुम्ही प्रमुख, आणि वडिलांना ऐकू येत नाही हे लपवताय? भाषणात तर टेबलावर मूठ आपटून सांगता, 'लाज कसली, पुढे या!'

बरं, ऐका. अर्ज घेऊन प्रत्यक्ष यायचं. वडिलांना बरोबर आणायचं. आणि आपल्याला ऐकू येत नाही, हे त्यांनी आधी स्वतः फोन करून कळवायचं… अहो, चेष्टा करतेय! रडकुंडीला काय येता? तुमचेच नियम वाचून दाखवले.

… आता खरं सांगते. त्यांच्या कानाशी ओरडू नका. समोर बसा. उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या. सावकाश बोला. … हो, मिशी कातरा थोडी, ओठ दिसू देत. … आणि घरात सगळे हसले, त्यांनी विचारलं 'काय झालं?', तर तुम्ही काय म्हणता? … हं. 'काही नाही, जाऊ द्या.' वाटलंच मला. … साहेब, आमच्या वहिनीनं अख्खं लहानपण या 'जाऊ दे'वर काढलंय. अजून कुणी तसं म्हटलं की तिचे डोळे भरतात. तुमचे वडील भिंतीकडे का वळले, कळलं ना आता?

रविवारी आणा त्यांना इथे. वहिनी खुणांची भाषा शिकवते, बरेच जण येतात. … केंद्रात का नाही घेत? साहेब! पायऱ्या!

… काय? त्याच खोलीत आहेत? मग आत्ताच बसा की समोर. फोन राहू दे चालू. … हं. … काय विचारतायत? 'कुणाचा फोन?' … आणि तुम्ही 'काही नाही' म्हणालात! ऐकलं मी. … सांगा. सगळं सांगा. … हं, असं, सावकाश. … पायऱ्यांचंही सांगा. लाजू नका. … आला, आला, वडिलांचा आवाज आला मला. खणखणीत आहे की! 'मग पायऱ्या कशाला ठेवल्यास?'

… इतकी वर्षं मी तेच विचारतेय. … नाही, नाही, मला नका सांगू. त्यांना सांगा. समोर बसून, उजेडात… … साहेब? … अहो, वाट बघतायत ते. … 'जाऊ द्या' नाही म्हणायचं हं… … हॅलो? … हॅलो?