नाकावर आलेलं गोंदण

सिंदेवाहीच्या बस स्टँडवर खातूनबाई एका पदर ओढलेल्या बाईला बांगड्या भरत होती.

"मनगटावर हा चट्टा कायचा, बाई?"

"मोहफुलं वेचताना अस्वलानं नाक नेलं. नागपूरच्या डाक्टरनं मनगटाची चामडी नाकाले लावली. दुर्बिणीतून बारीक नसा जोडल्या, म्हनून ते चामडी जित्ती राह्यली."

"या अल्ला! दाखव बरं. अन् नाकावर हे हिरवे ठिपके?"

"मनगटावरचं गोंदण. डाक्टर म्हने, मिटवून देतो. मी म्हनलं, राहू द्या. मेल्यावर तेवढंच संगं येते."

"थांब! हा गोंदलेला विंचू तं मी हरसाल बांगड्या भरताना पायते. तू रुखमा?"

"मंग! घरचं कुत्रंबी भुकलं माह्यावर. वळखनारी तूच पयली."

"मी तुयं तोंड कधी पाह्यलं? हातच पाह्यला."

"आता नाक पाहून बांगड्या भरत जा, खातूनबाई."