सांबराने अंग झाडलं नाही

आपला वेरिबीचा संतोष माहितीये ना, तो एकदा मला सांबराच्या शिकारीला घेऊन गेला होता; इकडे इंडियासारखी त्यावर बंदी नाही. लॉकडाऊन नुकताच उठला होता, पण इंडियाच्या फ्लाइट्स बंदच होत्या. महिन्यापूर्वी त्याची आई गावी कोविडने गेली होती आणि याने सगळं फोनवरच पाहिलं होतं.

डोंगरात भुरभुर पाऊस चालू होता. समोर दोन सांबरं आली, एक मोठ्या शिंगांचं, एक कोवळं.

मी हळूच म्हटलं, "मोठं घे, शिंगं भिंतीवर लावू."

"शिंगं काय खायचीत? मटण कोवळ्याचं चांगलं." त्याने कोवळ्यावर बंदूक रोखली आणि तसाच थांबला.

"मार की."

"थांब. आमच्याकडे देवाच्या बकऱ्यावर पाणी शिंपडतात. त्याने अंग झाडलं, की तो हो म्हणाला. मगच कापायचं."

सांबराच्या पाठीवरून पाणी निथळत होतं, पण त्याने अंग झाडलं नाही. शेवटी दोन्ही झाडीत निघून गेली.

मी वैतागलो. "जंगली जनावराला काय विचारायचं?"

बंदुकीतली गोळी काढत संतोष म्हणाला, "आईला कोणी विचारलं नव्हतं रे. म्हटलं, याला तरी विचारावं."