न हललेली खूण

त्या दिवसापासून मी देवळावर भरवसा ठेवत नाही, खरंच सांगतो. विद्यापीठात आमच्या नकाशा-विभागात लालबागचे एक रिटायर गिरणी कामगार आले. म्हणाले, "चाळ पाडून टॉवर झाला. आमची खोली नेमकी कुठं होती, ते नातीला दाखवायचंय."

जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवायचा, तर दोन्हींत एकाच जागी असलेल्या खुणा लागतात. मी बिनधास्त देऊळ धरलं. चाळ भर रस्त्यात आली.

काका म्हणाले, "बाळा, देऊळ बिल्डरनं हलवलं."

"मग हललं नाही असं काय आहे, काका?"

त्यांनी जुन्या नकाशावर बोट ठेवलं.

"स्मशान धर. ते अजून कोणी हलवलं नाय."

धरलं. नकाशा चपखल बसला. काकांची खोली पार्किंगमध्ये निघाली.